ओझेला टिंडलच्या अंगणात गवत नव्हतं

ओझेला टिंडलच्या अंगणात गवताची काडी दिसली असती, तर काळ्या लोकांच्या खालच्या आळीतल्या बायकांनी आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली असती. आमच्याकडे गवत वाढतं ते माणसं सोडून गेलेल्या घराच्या दारात. नांदत्या घरापुढची जमीन लाल, टणक आणि मोकळी असते, आणि शनिवारी सकाळी तिच्यावर खराट्याच्या ताज्या रेघा असतात. ओझेलाच्या रेघा आळीत प्रसिद्ध होत्या. पायरीपासून सुरुवात करून ती मागे मागे सरकत फाटकापर्यंत यायची, आणि मग स्वतःच्याच अंगणात पाऊल न टाकता कुंपणाच्या बाहेरून वळून मागच्या दारानं घरात शिरायची. दुपारपर्यंत त्या रेघा मोडायची कुणाची हिंमत नव्हती. प्रत्यक्ष चर्चचे रेव्हरंड पेटवे आले तरी फाटकाशी थांबून हाक मारायचे.

खराटा तिनं स्वतः बांधलेला. हिवाळ्यात ओढ्याकाठी जाऊन डॉगवुडच्या झाडाचे फोक तोडायचे, सुकवायचे आणि जुन्या चिंधीनं करकचून आवळायचे. दुकानातला झाडू घरात चालतो, अंगणाला नाही. अंगणात एक बकाणाचं झाड आणि कडेला पांढरे रंगवलेले दोन-चार जुने टायर, त्यांत झिनियाची भडक फुलं. बाकी सगळी माती.

ती माती तिची होती. ओझेलाचा जन्म वाट्यानं केलेल्या शेतावरचा. खोऱ्याचा दांडा हातात मावायला लागला तेव्हापासून ती कापसाच्या ओळींमधलं गवत काढत आली. एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला पोचावं, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा उगवलेलं. कापूस दुसऱ्याचा, गवत मात्र हिच्या वाट्याचं. लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर हॅचर्स मिल या गावी आली. हार्ली टिंडल लाकूड कापायच्या गिरणीत लागला आणि ही वरच्या गावातल्या गोऱ्या घरांचे कपडे धुवायला लागली. परसात उकळत्या पाण्याची काळी हंडी, राखेच्या पाण्याचा साबण, खळ, चुलीवर तापवलेल्या इस्त्र्या. वरच्या गावातली बडी माणसं आतून किती फाटकी आहेत हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि ते ती कधी बोलत नसे. त्या धुण्यावर तिनं जमिनीचा तुकडा घेतला. हार्लीनं गिरणीनं नाकारलेल्या फळ्या एकेक करून खांद्यावरून आणल्या आणि घर उभं केलं. मग तो वारला. घरात राहिल्या ओझेला आणि काळ्या मुलांच्या शाळेत शिकवणारी तिची मुलगी विल्मा.

एकोणीसशे सहासष्ट साली नगरपालिकेनं खालची आळी सुधारायची ठरवली. सुधारायची म्हणजे पाडायची, हे आम्हाला जरा उशिरानं कळलं. वॉशिंग्टनहून त्यासाठी पैसा येणार होता आणि आमच्या जागी रुंद रस्ता, दुकानं, गाड्या उभ्या करायला मैदान असं काय काय होणार होतं. नगरपालिकेचा एक तरुण इन्स्पेक्टर गाडीतून आळीभर हळूहळू फिरला. काच खाली करून त्यानं पाहिलं, काहीतरी टिपलं आणि गेला. नंतर कळलं, त्यानं अर्ध्याअधिक घरांना राहण्यास नालायक ठरवलं होतं. अंगणं ओसाड, घरांकडे कुणाचं लक्ष नाही, असं त्याचं म्हणणं.

रेव्हरंड पेटवे या कामासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख मिस्टर क्रेनशॉ यांना भेटून आले आणि रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं.

"ज्यांची अंगणं हिरवी दिसतील त्यांच्या घरांचा पुन्हा विचार करू, असा शब्द दिलाय त्यांनी," रेव्हरंड म्हणाले.

"आपण अंगण झाडतो, हे सांगितलंत का त्यांना?" ओझेलानं बसल्या जागेवरून विचारलं.

"सांगितलं, सिस्टर टिंडल. ते म्हणाले, माती काय झाडायची असते?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. रेव्हरंडनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "हे बघा, थोडं बियाणं टाकायचं. तेवढ्यानं घरं राहत असतील तर आपलं काय जातं?"

"आणि हे बियाणं मिळतं कुठं?"

रेव्हरंड जरा घुटमळले. "मिस्टर क्रेनशॉंच्या भावाचं दुकान आहे ना, तिथं."

"हं," ओझेला म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

आठवड्याभरात आळीचं रूप पालटलं. जन्मभर गवत उपटलेली माणसं उकिडवी बसून गवत पेरू लागली. सगळ्यात पुढे ओझेलाची शेजारीण युला क्रचफील्ड. चर्चचं कामकाज बघणाऱ्या डीकन क्रचफील्डची बायको, कानानं बहिरी आणि तोंडानं बहिऱ्यांनाही ऐकू जाईल अशी. तिनं कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, बियांवर ओली गोणपाटं अंथरली आणि दिवसातून तीनदा गोणपाट उचलून खाली बघायला लागली.

"ओझेला, अगं तू पण टाक की!" ती कुंपणापलीकडून ओरडायची. "माझं बघ, चर्चमधल्या गालिच्यासारखं येतंय!"

"गालिच्यात साप निघाला की हाक मार!"

"काय?"

"काही नाही. छान येतंय म्हटलं!"

त्याच सुमारास ओझेलाच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि ओझेलाला तिच्याकडे मेकनला जावं लागलं. पंधरवडाभर तिनं बहिणीला मक्याच्या कण्या भरवल्या, तिच्या नवऱ्याला भांडी घासायला शिकवलं आणि शुक्रवारी संध्याकाळी बसनं परत आली. फाटक उघडलं आणि ती तिथंच थांबली. पायरीपासून फाटकापर्यंत सगळ्या अंगणावर बारीक हिरवी लव आली होती.

विल्मा पोर्चवर उभी होती. तिनं आईची बॅग घ्यायला हात पुढे केला नाही.

"विल्मा," ओझेला म्हणाली, "मी मेले असं कुणी कळवलं तुला?"

"आई, आधी आत ये."

"कुठून येऊ? रस्ता कुठाय?"

"उद्या समिती येणार आहे. घरोघर फिरून ठरवणार आहेत. ज्याच्याकडे गवत नाही त्याचं घर गेलं, इतकं सरळ आहे." विल्माचा आवाज शाळेतल्यासारखा चढला. "मला विचारलं असतंस तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. बाबांनी बांधलेलं घर आहे हे. त्याच्यापुढं गवत ते काय! गवतच तर आहे!"

"गवतच तर आहे," ओझेलानं तिचेच शब्द उचलले. ती खाली वाकली, दोन बोटांच्या चिमटीत थोडं गवत धरून उपटलं आणि मुळांची माती झटकली. "तुझ्याएवढी होईपर्यंत मी हेच काढत होते, बाई. दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून. या जगात एवढाच तुकडा असा आहे, की तिथं मला कुणी 'काढ' म्हणू शकत नाही. तिथं आता कुणीतरी 'पेर' म्हणायचं आणि मी पेरायचं?"

"मग घर गेलं तरी चालेल?"

हार्लीच्या फळ्यांकडे ओझेलानं एकदा पाहिलं. चालणार नव्हतं. घर गेलं तर कुठं जायचं हे तिलाही माहीत नव्हतं, आणि ते विल्माला तिच्या तोंडावर दिसलं.

"चालणार नाही," ती म्हणाली. "घर पण जाणार नाही आणि गवत पण राहणार नाही. चल, भूक लागलीय मला."

सकाळी समिती आळीच्या तोंडाशी आली तेव्हा ओझेला खोरं घेऊन अंगण खरवडत होती. निम्म्याहून अधिक अंगण पुन्हा लाल झालं होतं. फाटकाशी उपटलेल्या गवताचा ढीग. शनिवार असल्यानं सगळी आळी आपापल्या पोर्चवर होती, आणि हिरव्या अंगणांचे मालक तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. विल्मा पायरीवर बसून होती. तिनं खोऱ्याला हात लावला नाही आणि आईला अडवलंही नाही.

मिस्टर क्रेनशॉ, तो इन्स्पेक्टर आणि मागे रेव्हरंड पेटवे फाटकापाशी आले.

"मॉर्निंग, ओझेला," क्रेनशॉ म्हणाले. "अगं हे काय? उगवलेलं उपटतेस?"

"गुड मॉर्निंग, मिस्टर क्रेनशॉ. मिसेस टिंडल म्हणा."

क्रेनशॉंनी मागे वळून पाहिलं, जणू दुसरी कुणी बाई मागून आली असावी. वरच्या गावात काळ्या बाईला नावानं हाक मारायची, म्हातारी झाली की 'आँटी' म्हणायचं. मिसेस हा शब्द तिच्यासाठी कधी कुणाच्या तोंडातून निघालेला नव्हता. निदान आमच्या हॅचर्स मिलमध्ये तरी नाही.

"हे बघ, आम्हाला वेळ नाही—"

"वेळ काढा. आत येऊन घर बघा. तुमचा हा मुलगा मागच्या खेपेला गाडीतूनच बघून गेला. गाडीतून तर मलाही तुमचं घर रिकामंच दिसतं."

इन्स्पेक्टरचे कान लाल झाले. पण आळी बघत होती, तेव्हा क्रेनशॉंना आत यावंच लागलं. दाराशी ओझेलानं पायपुसण्याकडे बोट केलं आणि बूट पुसून होईपर्यंत ती वाटेतून हलली नाही. आत घासून घासून पांढरी पडलेली जमीन, फडताळात पीचच्या मुरंब्याच्या बरण्या, पलंगावर ताणून घातलेली गोधडी. इन्स्पेक्टरनं भिंतीवर हात दाबून बघितला, खाली वाकून जोत्याचे खांब बघितले, छताकडे मान वर करून डाग शोधला. हार्लीची एक फळी हलेल तर शपथ. क्रेनशॉ बाहेर पोर्चवर आले, त्यांनी टोपी काढून वारा घेतला, आणि एकदम त्यांचा आवाज मऊ झाला.

"घर ठीक आहे," ते म्हणाले. "खरंच ठीक आहे. तू माझ्या आईचं धुणं करायचीस ना? मला उगाच तुझं वाईट करायचं नाही. आहे ते गवत राहू दे. तेवढं हो म्हण, मी आत्ता तुझं घर सोडून देतो."

विल्मा पायरीवरून उठली. सगळं आता त्या एका शब्दावर होतं. तिनं आईकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती.

"आणि नाही म्हटलं तर?" ओझेलानं विचारलं.

"तर घर जाईल."

"गवत नाही म्हणून?"

"गवत नाही म्हणून."

"मग हे जरा मोठ्यानं सांगा, मिस्टर क्रेनशॉ. पलीकडं सिस्टर युलाला कमी ऐकू येतं."

कुठल्यातरी पोर्चवरून हसू फुटलं आणि दाबलं गेलं. क्रेनशॉंचा चेहरा बदलला. टोपी डोक्यावर आदळत ते उभ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गवत नाही, तर घर नाही! आता आलं ऐकू?"

"आलं!" युला पलीकडून ओरडली.

"मग माझंही ऐकून जा," ओझेला म्हणाली. "गवत ठेवणार नाही. आज गवत म्हणाल, उद्या पोर्च काढ म्हणाल, परवा चुलीवर काय शिजवायचं ते सांगाल. तुम्ही नीट चालायला लागायच्या आधी तुमचे लंगोट धुतलेत मी. तेव्हासुद्धा कसे वाळत घालायचे हे मला तुमच्या आईनं कधी सांगितलं नाही."

ते गेल्यावर तिनं खोरं उचललं आणि राहिलेलं अंगण खरवडायला घेतलं. विल्मा घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दोन दिवस मायलेकी एकमेकींशी मीठ-मिरचीपलीकडे बोलल्या नाहीत.

नोटिसा उन्हाळ्यात आल्या. ओझेलाला आली. तिच्यासमोरच्या घराला आली. हिरव्यागार अंगणाच्या घरांनाही आल्या, एकाआड एक नव्हे, झाडून सगळ्यांना. युला क्रचफील्ड आपल्या गालिच्याच्या मधोमध उभी राहून सबंध आळीला ऐकू जाईल असं रडली. दुपारी ती ओझेलाच्या फाटकाशी आली.

"मी गोणपाटं ओली करत बसले," ती म्हणाली, "आणि तू मला एका शब्दानं काही बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुला ऐकू आलं असतं का?"

युलाला ते मात्र बरोबर ऐकू आलं. रडता रडता ती हसली आणि पोर्चवर येऊन बसली.

रेव्हरंड पेटवेंनी मग अटलांटाहून वकील बोलावला. आपल्यातलाच, तरुण, चष्मा घातलेला, सूट घामानं भिजलेला. चर्चमध्ये त्यानं एकेकाची हकिकत ऐकली. बहुतेक घरांची कारणं सुतारकामाची होती. खांब कुजलेले, छत वाकलेलं, नळ नाही. ती लढाई लांब चालेल, म्हणाला. मग ओझेलाची पाळी आली.

"तुमचं घर पाडायचं कारण काय दिलं?"

"कागदावर लिहिलंय राहण्यास नालायक. तोंडानं सांगितलं की गवत नाही म्हणून. घर ठीक आहे असंही म्हणाले."

वकिलानं चष्मा काढला. "समितीच्या प्रमुखानं? असं, स्वतःच्या तोंडानं?"

"ओरडून."

"हे न्यायाधीशासमोर त्यांना निस्तरायला फार जड जाईल," वकील म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. "कुणी ऐकलं? शपथेवर सांगेल असं कुणीतरी हवं."

अंत्यविधीच्या दुकानानं जाहिरातीसाठी फुकट वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे तेवढे हलत राहिले. त्या शनिवारी पोर्चवर असलेला प्रत्येक जण तिथं बसला होता. पण कुणाची मुलगी क्रेनशॉंच्या स्वैपाकघरात होती, कुणाचा नवरा त्यांच्या मेहुण्याच्या गिरणीत. रेव्हरंड पेटवेंनी बायबलची पानं चाळायला सुरुवात केली. ओझेलानं कुणाकडेच वळून पाहिलं नाही. त्यांना काय वाटत असेल ते तिला कळत होतं.

"मी ऐकलं," विल्मा उभी राहून म्हणाली.

ओझेलानं खसकन तिचा झगा ओढला. "खाली बस."

"मी शेजारीच उभी होते. सगळं ऐकलं."

"विल्मा, शाळेची नेमणूक याच लोकांच्या हातात आहे, विसरलीस? बस खाली म्हणते ना!"

"का?" विल्मा फिरून आईकडे बघत म्हणाली. "हट्टीपणाचा सगळा मक्ता काय तूच घेतलायस?"

ओझेलानं तिचा झगा सोडला. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून युला उठली. "लिहा माझं पण नाव. आणि लिहा की मी बहिरी आहे. मला ऐकू आलं, तर या बाकीच्यांच्या कानांना काय झालंय?"

डीकन क्रचफील्ड तिचा हात धरून खाली ओढत होता. ती बसली नाही. मग आणखी दोघी उठल्या. मग एक म्हातारा. शेवटी रेव्हरंडनीही बायबल मिटलं.

ते प्रकरण न्यायाधीशापर्यंत गेलंच नाही. काळ्या बाईनं गवत लावलं नाही म्हणून तिचं चांगलं घर पाडतोय, हे नगरपालिकेला भर कोर्टात आणि वॉशिंग्टनच्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. थंडी पडायच्या आत ओझेलाचं घर योजनेतून वगळल्याचं कळलं. कारण त्यांनी काही दिलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आळी मात्र वाचली नाही. वकिलानं बजावलं होतं, घर विकायच्या कागदावर कुणी सही करू नका. पण बाकीच्यांना नगरपालिकेच्या माणसांनी एकेकट्याला गाठून, आता घ्याल तर थोडं जास्त मिळेल असं सांगून सह्या घेतल्या. डीकन क्रचफील्डनं बायकोला न विचारता सही केली आणि हे तिला नातेवाइकांकडून कळलं. त्यानंतर कित्येक दिवस तो ऐकू येणाऱ्या बायकोपेक्षा बहिरी बायको किती जास्त बोलू शकते याचा अनुभव घेत होता. विल्माला पुढच्या वर्षी शाळेनं बोलावलं नाही. ती शेजारच्या काउंटीत शिकवायला लागली. पहाटे उठून दुसऱ्या एका शिक्षिकेच्या गाडीतून जायची, आणि आईनं विषय काढला की म्हणायची, "तिथली मुलं जास्त हुशार आहेत."

दुसऱ्या वसंतात घरं पाडायचं यंत्र आलं. युलाचं सामान आदल्या दिवशीच हललं होतं. सकाळी ती ओझेलाच्या पोर्चवरच्या खुर्चीत येऊन बसली. घर पडताना बघायचं नाही असं दोघींचं ठरलं होतं आणि तरी दोघी बघत बसल्या होत्या. युलाच्या घराच्या रस्त्याकडच्या आणि पलीकडच्या बाजूला खोल गटार आणि चिखल. यंत्र न्यायला सपाट वाट एकच होती, ओझेलाच्या अंगणातून. यंत्रावरच्या गोऱ्या पोरानं इंजिन चालू ठेवूनच फाटकाबाहेरून हाक मारली.

"ए आँटी, जरा फाटक उघड! इथून पलीकडं काढतो. एका मिनिटाचं काम आहे."

ओझेला पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली. आज शनिवार नव्हता, तरी तिनं अंगण झाडलं होतं.

"मिसेस टिंडल," ती म्हणाली.

"काय?"

"माझं नाव. आणि ही माझी जागा आहे. वळसा घाल."

"अहो, तिकडं गटार आहे! यंत्र अडकेल."

"अडकू दे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, अंगणातल्या रेघांकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या आपल्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाला हे घर कुणाचं ते ठाऊक होतं. त्यानं 'नको' अशी मान हलवली. यंत्र गुरगुरत मागे गेलं, वळलं, गटाराच्या बाजूनं निघालं, आणि निम्म्यात एका बाजूला कलून चिखलात रुतलं. पोरगा खाली उतरून शिव्या देऊ लागला. फळ्या आणा, साखळी आणा, दुसरी गाडी आणा.

ओझेला पोर्चवर परत आली. तिनं दोन ग्लास बर्फ घातलेला गोड चहा आणला आणि एक युलाच्या हातात दिला.

"काय म्हणाला?" युलानं विचारलं.

"जायला वाट मागत होता."

"मग?"

"नाही म्हटलं."

युलानं पलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. चिमणी, पोर्च, खिडक्या, आणि पुढचं ते गुडघाभर वाढलेलं गवत. डोळे पुसून तिनं चहाचा मोठा घोट घेतला.

"जेवणापर्यंत तरी नाही निघत तो चिखलातून," ती म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत नाही," ओझेला म्हणाली आणि आपली खुर्ची पुढे ओढून नीट दिसेल अशी लावली.